दर आठवड्याला बिघडणारी लिफ्ट

दारूचं दुकान शोधायला मला आयुष्यात कधी कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. परक्या गावात डोळे बांधून सोडलं असतंत तरी माझं नाक मला बरोबर दाराशी घेऊन गेलं असतं. पण दारू सोडणाऱ्यांची जागा शोधताना माझी जी फेफे उडाली, ती काही विचारू नका.

बायकोनं पत्ता तोंडी सांगितला होता. पोस्टाच्या मागची गल्ली, वाचनालयाची इमारत, तिसरा मजला, दर गुरुवारी संध्याकाळी. सोप्पं होतं. तरी मी त्या गल्लीतून पुन्हा पुन्हा फिरून पोस्टापाशी परत येत होतो, कारण इमारतीवर पाटी नव्हती आणि विचारायचं कुणाला नि काय? शेवटी कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याला हळूच म्हटलं, ‘‘इथं ते... वाचनालयाच्या वर... काहीतरी भरतं ना?’’

‘‘दारू सोडायची का?’’ तो खणखणीत आवाजात म्हणाला.

‘‘छे, छे! टायपिंगचा क्लास.’’

त्यानं माझ्या पिकलेल्या मिशांकडे पाहिलं. ‘‘टायपिंग पहिल्यावर, दारू तिसऱ्यावर!’’ समोरच्या भाजीवालीनं मान वर केली, तिच्या गिऱ्हाइकानं केली, सायकलवरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानंही केली. मी टायपिंगच्या विद्यार्थ्याला शोभेल अशा चालीनं इमारतीत शिरलो.

हे सगळं कशामुळे झालं, ते आधी सांगायला हवं. मी लिफ्टचा मेकॅनिक. मिशी फुटली तेव्हापासून हेच काम. आम्ही लोक लिफ्टच्या आत कमी आणि लिफ्टच्या टपावर जास्त असतो. दोर, रोलर, दारांच्या कड्या, सगळं टपावर उभं राहूनच बघावं लागतं. टपावर चढल्याचढल्या लाल बटण दाबायचं, म्हणजे खालून कुणी लिफ्ट हलवू शकत नाही, हा आमचा पहिला धडा. तर एका कचेरीत भर दुपारी मी टपावर चढलो, आधी घेतलेली होतीच, लाल बटण दाबायचं विसरलो, जरा टेकलो आणि झोपलो. मग दुपारभर कारकून आणि साहेबलोक वर-खाली करत होते आणि मी त्यांच्या डोक्यावर घोरत होतो. एका साहेबानं तक्रार केली की लिफ्टची मोटर घरघर करते. ती बघायला आमच्याच कंपनीतला दुसरा मेकॅनिक आला आणि त्यानं ती मोटर पायाला धरून खाली ओढली.

कंपनीत सगळे हसून हसून लोळले. मीही हसलो. माणसानं खिलाडू असावं. बायको तेवढी हसली नाही.

ती हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहे. पलीकडे कुणी रडो, कुणी आय-माय काढो, हिचा आवाज एका पट्टीत. त्याच पट्टीत तिनं विचारलं, ‘‘लिफ्ट अगदी वरच्या मजल्यावर पोचली की टप आणि वरची तुळई यांच्यात किती जागा राहते?’’

मी दोन हात समोर धरून दाखवली.

ती त्या दोन हातांमधल्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘गुरुवारपासून तिथं जायचं. नाही गेलात तर मी चिमणीला घेऊन ताईकडे राहायला जाते. मी चिडलेली नाही. नुसती सांगतेय.’’

चिमणी म्हणजे आमची मुलगी. दहावीला आहे आणि चिमणीसारखी अजिबात नाही. ती आतल्या खोलीतून ओरडली, ‘‘माझी पुस्तकं कोण उचलणार ताईमावशीकडे?’’ म्हणजे मायलेकींचं ठरलेलं होतं. जोवर बायको भांडत होती तोवर मला काडीची भीती नव्हती. भांडणारी बायको घरात राहते. ही आता भांडतच नव्हती.

म्हणून त्या गुरुवारी मी कामावरून तसाच, कंपनीच्या गणवेशात, खांद्याला हत्यारांची पिशवी लावून आलो होतो. पिशवीच्या तळाशी एक चपटी होती. पान्यावर आपटून वाजू नये म्हणून चिंध्यांमध्ये गुंडाळलेली. दारू सोडायला दारू घेऊन कोण जातं, असं विचाराल, तर मी जातो. एकट्याला धीर होत नव्हता.

आत शिरलो तोच वॉचमन खुर्चीतून उठून दोन्ही हात पसरून पुढे आला. ‘‘आलात! आलात एकदाचे! फोन करून करून बोटं झिजली माझी!’’

लिफ्ट बंद होती. तिची देखभाल करणारी कंपनी येत नव्हती, आणि माझा गणवेश बघून त्याला वाटलं, हाच तो. आता मी सांगायला हवं होतं की बाबा रे, मी तो नव्हे, मी दारुडा आहे. पण आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. ‘‘काय त्रास आहे लिफ्टला?’’ मी डॉक्टरच्या थाटात विचारलं आणि पिशवी उघडली.

त्रास किरकोळ होता. प्रत्येक मजल्याच्या दाराला एक छोटा काँटॅक्ट असतो. दार नीट लागलं की तो टेकतो आणि लिफ्टला चालायची परवानगी मिळते. तिसऱ्या मजल्याचा काँटॅक्ट सैल झाला होता. त्यामुळे लिफ्टला वाटायचं की दार उघडं आहे, आणि ती असेल तिथं उभी राहायची. एका स्क्रूचं काम. पण मी लिफ्ट तिसऱ्या मजल्यापाशी आणून टपावर चढलो, लाल बटण दाबलं (हो, या वेळी दाबलं) आणि एकेक रोलर पुसत बसलो. समोर जाळीचं दार, जाळीपलीकडे व्हरांडा आणि व्हरांड्याला लागून ती खोली. उकडत होतं म्हणून खोलीचं दार सताड उघडं.

लोक धापा टाकत जिना चढून येत होते. शेवटी एक जाडजूड, पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. गुडघ्याला पट्टा, हातात किटली. त्यांनी माझ्याकडे बघून, ‘‘देव तुमचं भलं करो हो,’’ म्हटलं आणि आत गेल्या. मला वाटलं, कुणाची तरी आई असेल, पोराला सोडवायला आलेली. आतून त्यांचाच आवाज आला. ‘‘मी निवृत्त नर्स. मला सगळे सिस्टर म्हणतात. मी दारुडी आहे.’’ आपला रक्तगट सांगावा तशा सुरात सांगितलं. मी पुसायचा थांबलो.

मग एक शिंपी बोलला. काडीसारखा माणूस. नशेत त्यानं एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या, आणि वर गिऱ्हाइकाशीच हुज्जत घातली होती की तुमचा उजवा हात चुकीच्या बाजूला आहे. मला टपावर हसू आवरेना.

‘‘अहो लिफ्टवाले,’’ सिस्टर आतून ओरडल्या, ‘‘हसायचंच असेल तर आत बसून हसा की!’’

‘‘काम आहे, सिस्टर!’’

‘‘बरं, चहा तरी घ्या.’’ आणि दुखऱ्या गुडघ्याच्या त्या बाईनं मला टपावर चहा आणून दिला.

घरी बायकोनं विचारलं, ‘‘गेला होतात?’’

‘‘गेलो होतो.’’

‘‘बसलात?’’

‘‘अगदी शेवटपर्यंत बसलो. चहा पण प्यायलो.’’

यातला एक शब्द खोटा असेल तर सांगा. सत्यवचनाचा नुसता पुतळा झालो होतो मी.

अडचण पुढच्या गुरुवारची होती. लिफ्ट नीट चालत असेल तर मी कुठल्या तोंडानं टपावर बसणार? म्हणून निघता निघता मी घट्ट केलेला स्क्रू पुन्हा अर्धा फेरा सैल केला होता. मुद्दाम बिघाड करायची माझ्या हातांना सवय नव्हती. स्क्रू सैल करताना हात थरथरला, आणि त्यात दारूचा काही हात नव्हता. मी वाईट नवरा असेन, बाप म्हणून तर विचारूच नका, पण मी केलेलं काम परत उघडावं लागत नाही, ही एकच गोष्ट माझ्यापाशी शिल्लक होती. तीही मी स्क्रूड्रायव्हरनं सैल केली.

तेव्हापासून तसंच सुरू झालं. आठवडाभर लिफ्ट मनाला येईल तेव्हा चालायची, मनाला येईल तेव्हा थांबायची. गुरुवारी वॉचमन कपाळाला हात लावून म्हणायचा, ‘‘परत तेच हो!’’ मी म्हणायचो, ‘‘जुनं मशीन आहे, लक्ष ठेवावं लागतं.’’ मग टपावर बैठक. आतल्या सगळ्यांच्या कहाण्या मला पाठ झाल्या. शिंप्याच्या बाह्या, एका बस ड्रायव्हरनं डेपोच्या भिंतीला दिलेली धडक, सिस्टरनी वॉर्डातलं स्पिरिट पाण्यात मिसळून प्यायलं होतं तो किस्सा. मनातल्या मनात मी सगळ्यांना सल्लेही द्यायचो. दुसऱ्यांची दारू सोडवण्यात मी एव्हाना तरबेज झालो होतो.

आणि माझी? माझी कमी झाली होती. म्हणजे मी लपून पीत होतो. लपायला जेवढा वेळ जातो तेवढी कमी.

एकदा मी घरात शिरत होतो तेव्हा बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. ‘‘नाही गं ताई, आता नाही येत आम्ही. जातात ते. दर गुरुवारी जातात, न चुकता.’’ तिच्या आवाजाची पट्टी जराशी हलली होती. मी चपला हातात घेऊन परत बाहेर गेलो आणि मग आवाज करत आत आलो.

जेवताना तिनं विचारलं, ‘‘तिथलं बाहेर सांगायचं नसतं म्हणे. पण तुम्ही काय बोललात, तेवढं सांगा ना.’’

इथं तरी मी गप्प बसायचं! पण नाही. खोटं बोलायची वेळ आली की माझ्या अंगात कलावंत संचारतो. ‘‘टपावर झोपलो होतो, ते सांगितलं,’’ मी म्हणालो. ‘‘सगळं, पहिल्यापासून. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. सिस्टर तर ढसाढसा रडल्या.’’

बायकोनं आपला तळहात माझ्या हातावर ठेवला. ग्रीसचे डाग होते त्या हातावर, तरी ठेवला. मला लाज वाटली. खरंच वाटली. आणि लाज वाटली की मी काय करतो, ते वेगळं सांगायला नको.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी गच्चीवर होतो. गच्चीवर लिफ्टचं मशीन असतं, तिथं तेल घालायच्या निमित्तानं गेलो होतो, आणि चिंध्या उलगडून दोन घोट घेऊन चपटी परत गुंडाळून ठेवली होती. तेवढ्यात लिफ्टची घंटा वाजायला लागली. आत कुणीतरी अडकलं होतं. मी धावत तिसऱ्या मजल्यावर उतरलो. जाळीतून खाली बघितलं तर लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या अधेमधे लटकलेली. आतून सिस्टरचा आवाज येत होता.

‘‘घाबरू नका हं. आमचे लिफ्टवाले हुशार आहेत. इथंच असतील.’’

‘‘मी घाबरले नाही,’’ दुसरा आवाज म्हणाला. एका पट्टीत. ‘‘तुम्हीच सिस्टर ना? मी तुमचे आभार मानायलाच आलेय. माझे मिस्टर येतात तुमच्याकडे.’’

मी जाळीला धरलं.

‘‘कोणते हो?’’

‘‘ते लिफ्टच्या टपावर झोपले होते, ते. तुम्ही ऐकून रडलात म्हणे.’’

‘‘मी रडले?’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘बाई, मी शेवटची रडले ती गुडघ्याच्या ऑपरेशनला. कुठला टप?’’

मग बायको म्हणाली, ‘‘उंच आहेत. जाड मिशा. कानावर पेन्सिल असते.’’

सिस्टर गप्प झाल्या. सिस्टर कधी गप्प होत नाहीत.

घंटा ऐकून शिंपी खोलीबाहेर आला होता. मी त्याच्या दंडाला धरलं आणि ओढतच गच्चीवर नेलं. अशा वेळी मेन स्विच बंद करून, एकानं मोटरचा ब्रेक तरफेनं सोडवून धरायचा आणि दुसऱ्यानं चाक हातानं फिरवून लिफ्ट मजल्याला आणायची. एकट्याचं काम नाही. शिंप्याला तरफ दिली. ‘‘ओढा म्हटलं की ओढायची, सोडा म्हटलं की सोडायची. मध्ये विचार करायचा नाही.’’

मग दोर जिथून खाली जातात त्या भोकाशी वाकून ओरडलो, ‘‘दाराला हात लावू नका! लिफ्ट हलेल थोडी!’’

खालून सिस्टर म्हणाल्या, ‘‘हा बघा, आमच्या लिफ्टवाल्याचा आवाज.’’

‘‘हा माझ्या नवऱ्याचा आवाज आहे,’’ बायको म्हणाली.

शिंपी तरफ धरून माझ्याकडे बघायला लागला. मनात आलं, चाक उलटं फिरवावं, दोघींना तळमजल्यावर पोचवावं आणि पळून जावं. पण गच्चीवरून पळून माणूस जाणार कुठे? ‘‘ओढा,’’ मी म्हटलं. चाक जड होतं. लिफ्ट मजल्याला आल्याचं सांगणारी दोरावरची पिवळी खूण जागेवर येईपर्यंत मी फिरवत राहिलो. शिंप्याचे हात ग्रीसनं काळे झाले होते, आणि खाली तो कुणाचा तरी पांढरा सदरा शिवायला घेऊन आला होता. म्हणून पिशवीत हात घालून हाताला लागल्या त्या सगळ्या चिंध्या मी त्याला देऊन टाकल्या.

तिसऱ्या मजल्याचं दार मीच उघडलं. बायकोच्या हातात बिस्किटांचा मोठा पुडा होता, सगळ्यांना पुरेल असा. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सिस्टरनी मात्र मला वाचवायचा प्रयत्न केला. फार भली बाई.

‘‘येतात हो हे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अगदी दर गुरुवारी. आत नाही आले अजून, पण लिफ्ट दुरुस्त करून देतात बिचारे. एक पैसा न घेता.’’

‘‘दर गुरुवारी?’’

‘‘बिघडतेच ना दर आठवड्याला.’’

बायको सिस्टरकडे तोंड करूनच बोलली. ‘‘ह्यांनी दुरुस्त केलेली लिफ्ट परत बिघडत नाही, सिस्टर. पिऊन केली असली तरी नाही. आमच्या हॉस्पिटलची ह्यांनी केली होती, चिमणी तेव्हा रांगत होती. अजून चालतेय. विचारा त्यांना, ही कशी काय बिघडते.’’

माझ्या कामाचं इतकं कौतुक मला आयुष्यात कुणी केलेलं नाही. वेळ तेवढी चुकली.

सिस्टरनी विचारायची गरज पडली नाही. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, काँटॅक्टचं झाकण उघडलं आणि सगळ्यांच्या देखत तो स्क्रू घट्ट केला. वॉचमन जिना चढून वर आला होता. तोही बघत होता.

‘‘त्यांना सांगा,’’ बायको सिस्टरना म्हणाली, ‘‘मी इथं पायरीवर बसते. आत जायचं असेल तर जा म्हणावं.’’

मी दोघींपासून हातभर अंतरावर उभा होतो. सिस्टर गंभीरपणे माझ्याकडे वळल्या. ‘‘त्या म्हणतायत की...’’

‘‘ऐकलं,’’ मी म्हणालो आणि आत गेलो.

टपावरून ती खोली मोठी वाटायची. आत फक्त प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा आणि किटली. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो. ‘‘मी लिफ्ट मेकॅनिक,’’ मी म्हणालो. सगळे वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याची वाट बघत होते. तो मला पाठ होता, पण तोंडातून भलतंच आलं. ‘‘आणि ही लिफ्ट दर आठवड्याला मीच बिघडवत होतो.’’

काय गहजब उडाला म्हणून सांगू! त्या खोलीत घर घालवलेले लोक होते, नोकरी घालवलेले होते, सख्ख्या भावाला बाटली फेकून मारलेला एक होता. कुणी कुणाला कधी दोष देताना मी ऐकलं नव्हतं. पण लिफ्ट म्हटल्यावर सगळ्यांचा तोल सुटला. ‘‘तीन मजले!’’ बस ड्रायव्हर ओरडला. ‘‘माझ्या छातीचं ऑपरेशन झालंय, मेल्या!’’ ‘‘सिस्टरचा गुडघा बघ जरा!’’ शिंपी तर रडकुंडीला आला. ‘‘माझ्याकडून ब्रेक धरवला ह्यानं! माझ्याकडून!’’

सिस्टरनी किटली टेबलावर आपटली. ‘‘गप्प! लिफ्टचं भांडण चहाच्या वेळी. आत्ता त्यांना दारूचं सांगू दे.’’

मग मी टपाची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून, अगदी बायकोला थाप मारली होती तशी. टाचणी पडल्याची शांतता वगैरे काही झाली नाही. मोटर पायाला धरून ओढली इथं पोचेपर्यंत शिंपी खुर्चीवरून घसरला होता आणि ड्रायव्हर छाती धरून हसत होता. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणजे त्या रडल्या, हे शेवटी खरं झालं म्हणायचं.

तेव्हाच बसलो असतो तर बरं झालं असतं. हशा मिळाला होता, लिफ्टचं थोडं विसरलं गेलं होतं. पण दार उघडं होतं, आणि बाहेर पायरीवर बसलेल्या बायकोच्या पाठीचा एक तुकडा मला दिसत होता.

‘‘मला मध्ये एकदा जाग आली होती,’’ मी म्हणालो. ‘‘हे कुणालाच माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा लिफ्ट वर चालली होती, आणि तुळई माझ्या तोंडावर येत होती. उठायला वेळ नव्हता. लिफ्ट थांबली तेव्हा तुळई नाकासमोर एवढी होती.’’ मी हात दाखवले. ‘‘उठून बसलेला असतो तर मान गेली असती. तेव्हा मला मुलगी आठवली, बायको आठवली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. नाही आठवली. मी आधी खिसा चाचपला. बाटली फुटली तर नाही ना, ते बघितलं. फुटली नव्हती. मग मी परत झोपलो.’’

कुणी हसलं नाही.

‘‘मी दारुडा आहे,’’ मी म्हणालो. एवढंच होतं वाक्य. त्याच्यासाठी मी एवढे गुरुवार टपावर काढले होते.

‘‘बसा,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘चहा घ्या.’’

बाहेर आलो तेव्हा बायको तिथंच बसली होती. बिस्किटांचा पुडा मांडीवर, न उघडलेला. तिनं सगळं ऐकलं होतं, ते तिच्या डोळ्यांकडे बघून कळत होतं. तिनं पुडा दारातून सिस्टरच्या हातात दिला, त्यांना नमस्कार केला आणि वळली.

‘‘लिफ्ट आता नीट आहे,’’ मी म्हणालो.

ती जिन्याकडे निघाली. मीही पिशवी खांद्याला लावली आणि मागून उतरायला लागलो. खालून टायपिंगच्या क्लासचा खडखडाट येत होता. ती पुढे, मी तीन पायऱ्या मागे. आणि दर पायरीला माझ्या पिशवीत टिंग, टिंग वाजत होतं. चिंध्या शिंप्याकडे राहिल्या होत्या.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. पाठमोरीच.

‘‘काय वाजतंय?’’

पाना, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पाना, पक्कड, हातोडी, त्या पिशवीत खोटं बोलायला चिक्कार सामान होतं.

‘‘बाटली,’’ मी म्हणालो.

ती वळली. तिचा आवाज कधी नव्हे तो पट्टी सोडून गेला होता. ‘‘भरलेली?’’

‘‘अर्धी.’’

‘‘आज घेतलीत?’’

‘‘तुम्ही दोघी लिफ्टमध्ये अडकलात त्याच्या जरा आधी.’’

तिनं हात पुढे केला. मी पायरीवर बसून पिशवी उपसली आणि चपटी तिच्या हातात दिली. तिनं ती आपल्या पर्समध्ये घातली, चेन लावली आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसले.

‘‘पुढच्या गुरुवारी मी सोबत येणार,’’ ती म्हणाली. ‘‘वरपर्यंत. तुम्ही खुर्चीत बसलेले दिसेपर्यंत.’’

‘‘आणि ताई?’’

‘‘ताईला सांगते, गुरुवारनंतर कळवते म्हणून.’’

ती उतरायला लागली. मी पान्यांच्या आणि पकडींच्या ढिगातून एकेक हत्यार पिशवीत टाकलं, पिशवी उचलली आणि तिच्या मागून निघालो. पिशवी आता वाजत होती, पण फक्त हत्यारंच वाजत होती.